पोरगी पाठवायची कुणी?

गेल्या वर्षी नववीतली एक फ्रेंच मुलगी तीन महिने आमच्या श्टुटगार्टच्या घरी राहिली. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःच ओल्या फडक्यावर थालीपीठ थापून, बोटानं भोकं पाडून त्यात तेल सोडायला लागली. मग माझी लेक तिच्या घरी तीन महिने गेली. आदल्या रात्री बॅग भरताना मी रडले, ते लपवत नाही.

फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांविरुद्ध दोन महायुद्धं लढले. १९६३ मध्ये त्यांनी मैत्रीचा एलिझे करार केला आणि त्याच वर्षी दोघांचं मिळून युवा कार्यालय सुरू झालं. तेव्हापासून नव्वद लाखांहून जास्त तरुण मुलंमुली त्याच्या उपक्रमांत सहभागी झाली. माझी लेक ज्या योजनेतून गेली, तिच्यात ज्या घरची मुलगी येते, त्याच घरी आपली जाते.

हे सगळं आठवलं ते कोल्हापूरच्या मैत्रिणीमुळं. ती शिक्षिका आहे. शहरातल्या मुली आणि शाहूवाडीतल्या धनगरवाड्यावरच्या मुली यांनी आठ-आठ दिवस एकमेकींच्या घरी राहावं, असं तिनं पालकसभेत मांडलं. पालक म्हणाले, "त्या येऊ देत की, आम्ही जेवूखाऊ घालू. आमची पोरगी तिकडं नको."

मला हेच खुपतं. येणारीला पाहुणचार करायचा आणि आपली पाठवायची नाही, ही देवाणघेवाण नव्हे, दानधर्म झाला. आठ दिवस गोड बोलून, जुने ड्रेस देऊन परत पाठवलेल्या मुलीला आपली पायरी नेमकी कळते. तिच्या आईच्या हातची भाकरी आपल्या मुलीनं तिच्या चुलीपुढं बसून खाल्ली, तरच दोघी बरोबरीच्या.

कोल्हापूरच्या दसरा चौकावरून जाताना आपण शाहू महाराजांच्या पुतळ्याला हात जोडतो. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ च्या सुमारास मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ज्यांना शिकायला शहरात छप्पर नव्हतं, त्यांना ते त्या त्या समाजाच्या नावानं द्यावं लागलं, कारण एका पंगतीला बसायची तयारी तेव्हा नव्हती. १९१९ मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करायला लावल्या. त्या बोर्डिंगांत राहिले ते बहुतेक मुलगे. मुलींची वेळ आता आली आहे, आणि आपण 'तिकडं नको' म्हणतोय.

काळजी खोटी नाही. वाडीवर शेवटची एसटी चुकली तर काय, पाळी आली तर काय, हे प्रश्न खरे आहेत. म्हणून बाई सोबत राहाव्यात आणि दोन्हीकडच्या आयांनी आधी भेटावं. आमच्याकडं ती फ्रेंच मुलगी येण्याआधी तिची आई फोनवर तासभर बोलली होती.

माझी भाची आठवीत आहे. "पहिलं नाव तिचं देशील?" असं परवा ताईला विचारलं. "तुझं बरंय, तू लांब आहेस," म्हणाली. फोन ठेवता ठेवता मात्र तिनं विचारलं, "तिकडं बाथरूम कसं असतं गं?" मी लगेच मैत्रिणीचा नंबर पाठवला.