'जग हा आभास' असं विज्ञानानं सिद्ध केलेलं नाही

एक मजकूर सध्या या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. त्याचा सारांश असा: माणसाला वर्णपटाचा, म्हणजे रेडिओलहरींपासून क्ष-किरणांपर्यंतच्या सगळ्या प्रकाशलहरींच्या पट्ट्याचा, फक्त 0.0035 टक्के भाग दिसतो. मेंदू कवटीच्या अंधारात बसून जग स्वतःच रचतो. उत्क्रांतीनं आपल्याला सत्य पाहण्यासाठी घडवलंच नाही. क्वांटम भौतिकीनुसार आपण पाहत नाही तोवर काही नसतंच. आणि शंकराचार्यांनी हेच बाराशे वर्षांपूर्वी सांगितलं होतं. म्हणून सत्य कुणालाच कळत नाही, ज्याचं त्याचं सत्य वेगळं. यातली काही विधानं अर्धी खरी आहेत, आणि त्यामुळेच निष्कर्ष सहज गळी उतरतो. तो उतरू नये असं मला मनापासून वाटतं.

पहिला मुद्दा 0.0035 टक्क्यांचा. विद्युतचुंबकीय वर्णपटाला ठरावीक शेवट नाही, त्यामुळे त्याची अशी टक्केवारी काढण्यालाच अर्थ नाही. पण आकडा सोडून देऊ. डोळ्याला साधारण 400 ते 700 नॅनोमीटरच्या पट्ट्यातलाच प्रकाश दिसतो, हे खरं. मग बाकीचा वर्णपट आहे, हे आपल्याला कुणी सांगितलं? 1800 साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनं लोलकातून आलेल्या रंगपट्ट्याच्या तांबड्या टोकापलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे, थर्मामीटर ठेवला. पारा चढला. पुढच्याच वर्षी योहान रिटरला जांभळ्या टोकापलीकडे सिल्व्हर क्लोराइड, हे प्रकाशानं काळवंडणारं रसायन, काळं पडताना दिसलं. आज नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात पसरलेल्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना दूरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनच्या रेडिओलहरी टिपतात. त्या लहरी कुठल्याच माणसाला कधी दिसलेल्या नाहीत. न दिसणं वेगळं आणि न कळणं वेगळं. हा मजकूर दोन्ही एकच धरतो, आणि तेही न दिसणाऱ्या वर्णपटाबद्दल खात्रीनं बोलत असताना.

दुसरा मुद्दा मेंदूचा, आणि तो वजनदार आहे. कागदावर डावीकडे फुली आणि आठ सेंटीमीटर उजवीकडे ठसठशीत ठिपका काढा. डावा डोळा मिटून उजव्यानं फुलीकडेच पाहत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण 30 सेंटीमीटरवर ठिपका गायब होतो, आणि तिथे भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. डोळ्यातून दृष्टीची नस बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, आणि ती जागा मेंदू आजूबाजूच्या रंगानं भरून काढतो. म्हणजे मेंदू रचतो, हे मान्य.

पण पुढे बघा. ठिपक्यावर बोट ठेवा, तो तिथेच आहे. दुसरा डोळा उघडा, दिसतो. फ्रेंच शास्त्रज्ञ एडमे मारियोतनं ही जागा 1660च्या दशकात शोधली ती डोळे वापरूनच. मेंदू मनाला येईल ते जग रचत असता, तर हा ठिपका ज्याच्या त्याच्या कागदावर भलत्याच ठिकाणी नाहीसा झाला असता. ससेक्स विद्यापीठाचे मेंदूविज्ञानी अनिल सेठ आकलनाला 'नियंत्रित भ्रम' म्हणतात. फॉरवर्ड करणारे त्यातला 'भ्रम' तेवढा उचलतात. नियंत्रण बाहेरून येणाऱ्या संकेतांचं असतं, हा भाग गाळला जातो.

तिसरा मुद्दा, उत्क्रांतीनं आपल्याला सत्य पाहण्यासाठी घडवलंच नाही हा, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हॉफमन यांच्या मांडणीतून आलाय. त्यांचं आवडतं उदाहरण भुंग्यांचं. ऑस्ट्रेलियातले एका जातीचे नर भुंगे तपकिरी, चकचकीत, तळाशी बारीक उंचवटे असलेल्या बिअरच्या बाटल्यांना मादी समजून चिकटत, हे 1983 साली नोंदवलं गेलं. उदाहरण खरं आहे. पण भुंगा फसला, कारण बाटलीचा रंग, चकाकी आणि उंचवटे खरोखरच मादीच्या पाठीसारखे होते. त्याला जे दिसलं ते बाटलीवर होतंच. चुकला तो अर्थ. आणि तो चुकतोय हे कीटकशास्त्रज्ञांना डोळ्यांनीच कळलं. शिवाय उत्क्रांतीचा सिद्धांत उभा आहे तो जीवाश्म आणि प्राणी डोळ्यांनी तपासून. डोळे मुळातच खोटे, तर सिद्धांतही गेला आणि त्यावर बेतलेला युक्तिवादही.

क्वांटमबद्दल थोडक्यात. तिथे 'निरीक्षण' म्हणजे कुणी टक लावून बघणं नव्हे; कणाची माहिती कुठल्याही मार्गानं बाहेर गेली तरी पुरतं. 2004 साली व्हिएन्नात कार्बनचे मोठे रेणू तापवून सोडले, तेव्हा ते स्वतःच प्रकाश फेकू लागले आणि त्यांचा तरंगांसारखा नमुना विरत गेला. त्यासाठी कुणाच्या नजरेची गरज पडली नाही.

शंकराचार्यांचं नाव असं वापरलेलं मला सगळ्यात जास्त खटकतं. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात 'नाभाव उपलब्धेः' या सूत्रावर भाष्य करताना ते, बाहेर वस्तू नाहीतच, सगळं मनातच आहे असं म्हणणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांचं खंडन करतात. वस्तू अनुभवत असताना ती नाही म्हणणारा माणूस, जेवून तृप्त होत असताना 'मी जेवत नाही, तृप्तही होत नाही' म्हणणाऱ्यासारखा आहे, असं ते लिहितात. लगेच पुढचं सूत्र 'वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्': जागेपणीचं ज्ञान स्वप्नासारखं नाही, कारण स्वप्न जाग आल्यावर बाधित होतं, म्हणजे खोटं ठरतं, समोरचा खांब ठरत नाही. त्यांच्या लेखी जग मिथ्या ठरतं ते ब्रह्मज्ञानानंतर. तोवरचा सगळा व्यवहार ते खराच धरतात. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, असं सांगायला त्यांचा आधार घेता येत नाही.

राहिलं 'ज्याचं त्याचं सत्य'. चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चवीवरून ते ओळखू येत नाही. ते कळतं प्रयोगशाळेतल्या तपासणीत, आणि तिथलं यंत्र वाचणारेही डोळेच असतात. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी लहानपणापासून वर्षानुवर्षं पिणाऱ्या मुलांच्या दातांवर डाग पडू शकतात, आणि प्रमाण बरंच जास्त असेल तर पुढे हाडंही दुखावतात. फ्लोराइड न मानणाऱ्याच्या घरातही.