ॲडव्हान्स मागितला म्हणजे अविश्वास नव्हे

"दीड हजार आधीच? आम्ही काय पळून जाणार आहे व्हय?"

आज कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, मापाची कोल्हापुरी चप्पल करून घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं ॲडव्हान्स मागणाऱ्या कारागिराला सगळ्यांसमोर असं सुनावलं आणि तरातरा निघून गेलं. मागं खिळ्याला एक जोड लटकत होता. ११ नंबर, डावा पंजा रुंद. सहा महिन्यांपूर्वी असंच "विश्वास ठेवा की" म्हणणाऱ्यासाठी केलेला. तो आलाच नाही, फोनही उचलत नाही.

मापाची चप्पल कशी होते ते तरी बघा. कागदावर उभं राहून दोन्ही पावलांचा वेगवेगळा आकार काढायचा. बसून काढला तर पंजा पसरत नाही, माप कमी येतं. तळाला बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं कातडं, तेही पाठीचं, कारण पोटाकडचं ताणतं. वरच्या विणलेल्या पट्टीला, म्हणजे वेणीला, बकऱ्याचं. कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, तळाच्या थरांमध्ये घालून कातडी वादीनं शिवायचे, खिळा नाही. नंतर रुंदी बदलायची तर सगळं उसवायचं, आणि उसवलं तरी जुनी भोकं राहतातच.

म्हणून तो ११ नंबर दुसऱ्या कुणाला चालत नाही. डावा पाय आत सरकतो. कातडं रोखीनं आणलेलं, मजुरी गेलेली.

लग्नाच्या हॉलला, बँडवाल्याला मुकाट्यानं ॲडव्हान्स देता ना? मग जमिनीवर बसून काम करणाऱ्या माणसानं मागितला की लगेच अपमान कसा होतो? २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा स्टेटस ठेवणारे आपणच होतो.

काही कारागीर पैसे घेऊन महिना-महिना फिरवतात, हे खरं आहे. मग पावती मागा. तारीख, माप, रंग, दिले किती, राहिले किती, सगळं लिहून घ्या. पावसाळ्यात कातडं लवकर सुकत नाही, आठवडा जास्तीचा धरा. पण ३,००० च्या जोडाला निम्मे आधी द्या, निदान मालाचा खर्च तरी सुटू दे.

त्या ११ नंबरवाल्याची काही अडचण असेलही. घरात काही झालं असेल. पण एक फोन?

जोड अजून तिथंच आहे. तेलाचा हात न लागल्यानं चपलेचा अंगठा कडक झालाय, दोन-तीनदा तेल चोळलं की मऊ पडेल. ११ नंबर आणि डावा पंजा रुंद असा कुणी ओळखीत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, दुकान दाखवतो.