‘जितकी घट्ट मूठ, तितका भक्कम हात’ हे खरं नाही

‘भावांनो, हाताची ताकद म्हणजे मुठीची ताकद’ असा सुरू होणारा एक मेसेज सध्या कोल्हापुरात तालमीच्या ग्रुपपासून भावकीच्या ग्रुपपर्यंत फिरतोय. त्यातले दावे असे: वस्तू जितकी घट्ट धराल तितकी ती पक्की, स्प्रिंग दाबून बोटांतले स्नायू वाढवा, करंगळीचा पकडीत काही उपयोग नाही, समोर येणारा अंगठा फक्त माणसाला मिळालाय. आणि शेवटी, ‘दुखलं तरी थांबू नका.’ मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेल्या आठवड्यात हा मेसेज पाळून बोट सुजवून घेतलेला एक पैलवान पोरगा माझ्यासमोर येऊन बसला, म्हणून लिहितेय.

पहिला दावा सगळ्यात चुकीचा. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा आणि म्हशीची धार काढणाऱ्याचा हात बघा. वर अंगठा आणि तर्जनीने सड बंद होतो, मग मधलं बोट, अनामिका, करंगळी अशी एकामागून एक मिटत जातात आणि दूध खाली ढकललं जातं. पाचही बोटं एकदम करकचून आवळली तर धार लागत नाही. अंगठा मुडपून त्याचं पेर सडावर दाबलं, तर सडाला इजा होते. तिथे जोरापेक्षा क्रम महत्त्वाचा.

जॉन नेपियर या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १९५६ साली पकडीचे दोन मुख्य प्रकार सांगितले: ताकदीची पकड आणि अचूकतेची पकड. पकड वस्तूच्या आकारापेक्षा कामावर ठरते, हा त्यांचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. चटणीची बरणी उघडून बघा. घट्ट झाकण सुरुवातीला आपण अख्ख्या पंजाने फिरवतो, सैल झालं की आपोआप बोटांच्या टोकांवर येतो. झाकण तेच, हात तोच. चप्पल करणारा कारागीर रापी मुठीत धरून चामडं कापतो आणि त्याच हाताच्या चिमटीने वेणी घालतो. त्याने वेणीही मुठीच्या जोराने धरली तर काय होईल?

निरोगी हात गरजेपेक्षा थोडाच जास्त जोर लावतो. स्वीडनमध्ये जोहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ साली हे मोजून दाखवलं. वस्तूवर खरखरीत सँडपेपर असेल तर बोटं हलकी धरतात, गुळगुळीत रेशीम असेल तर जोर वाढवतात, आणि हे आपल्याला कळायच्या आत घडतं. बोटांची टोकं बधिर केली की हा अंदाज बिघडतो. म्हणजे चांगली पकड स्नायूंइतकीच त्वचेतल्या जाणिवेवर उभी आहे. आखाड्यात घामाने निसटणाऱ्या अंगाला पैलवान लाल माती लावतात, ती याचसाठी. तिथे मूठ वाढत नाही, घर्षण वाढतं.

आता ‘बोटांतले स्नायू’. बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतातच. काही लहान स्नायू तळहातात असतात. मूठ आवळणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात आणि लांब कंडरांनी, म्हणजे दोऱ्यांसारख्या पट्ट्यांनी, बोटं ओढतात. डाव्या हाताने उजव्या कोपराखाली धरा आणि उजवी बोटं हलवा, हालचाल तिथेच जाणवेल. मनगट आत वाकवून मूठ आवळून बघा: मूठ ढिली पडते, कारण त्या स्नायूंना ओढायला जागा उरत नाही आणि मागच्या कंडरा ताणल्या जातात. मनगट थोडं मागे झुकलेलं असतानाच मूठ जोरात बसते. मेसेजमध्ये मनगटाचा साधा उल्लेखही नाही.

करंगळीबद्दल ऊसतोडणी करणाऱ्याला विचारा. कोयत्याची मूठ अनामिका आणि करंगळी धरून ठेवतात. मूठ सैल ठेवा, मग आवळा आणि करंगळीच्या बुंध्याचा उंचवटा बघा, तो पुढे सरकतो. तर्जनीच्या बुंध्याला हे जमत नाही. तळहाताची ती बाजू दांड्याभोवती वळण्यासाठीच मोकळी आहे.

अंगठ्याचं थोडक्यात: चिंपांझी, गोरिला आणि कित्येक माकडांचा अंगठाही बोटांसमोर येतो. आपला अंगठा बोटांच्या मानाने लांब आहे, म्हणून पेराला पेर नीट भिडवून आपण सुईत दोरा ओवतो.

राहिली ‘दुखलं तरी थांबू नका’ ही ओळ. त्या पोराचं बोट मिटलं की अडकायचं आणि टक्कन उघडायचं. तळहातात बोटाच्या बुंध्याशी कंडरा सुजली की असं होतं, आणि तेव्हा स्प्रिंग दाबत राहिलं तर सूज वाढते. स्प्रिंग वापरायची तर वापरा. पण मेसेज पुढे पाठवणार असाल, तर निदान ही एक ओळ खोडून पाठवा.