बाण कुणीकडे काढू?

रविवारी रात्री साडेनऊला, घरातलं सगळं ज्ञान आडवं व्हायच्या बेतात असताना, नववीतल्या आमच्या कन्येने विचारलं, "बाबा, बाण कुणीकडे काढू?"

पुढ्यात वही, वहीत परिपथ. एक घट, एक कळ, एक बल्ब, त्यांना जोडणारी चौकोनी वायर आणि त्या वायरीवर विद्युतधारेची दिशा दाखवणारा बाण काढायचा राहिलेला. एका गुणाचा प्रश्न. मी बी.कॉम. आहे, पण बाप झाल्यावर पदवीला कोण विचारतो, सगळे विषय आपलेच. "इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार असतो," मी म्हणालो. दहावीच्या विज्ञानातलं तेवढं एकच वाक्य माझ्याकडे शिल्लक आहे. "म्हणजे ते मायनसपासून निघणार आणि प्लसकडे ओढले जाणार. काढ बाण मायनसकडून प्लसकडे."

यात कुणी खोट काढून दाखवावी.

बाईंनी दाखवली. मंगळवारी वही परत आली तेव्हा बाणावर लाल फुली होती आणि शेजारी वळणदार अक्षरात शेरा: 'दिशा उलट. स्वतः अभ्यास करावा.' हा शेरा मुलीला होता की मला, यावर जेवताना चर्चा झाली. एकमत व्हायला वेळ लागला नाही.

माझे सासरे तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होते. अप्पांनी ३४ वर्षं वायरमनची नोकरी केली आहे. खांबावर चढलेला माणूस जमिनीवरच्या लोकांकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने ते निवृत्तीनंतरही जावयाकडे बघतात.

"बाई बरोबर आहेत," अप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले. "करंट प्लसकडून मायनसकडे जातो."

"पण अप्पा, इलेक्ट्रॉन?"

"ते मायनसकडून प्लसकडे जातात."

"आणि वायरीतून वाहतात ते इलेक्ट्रॉनच ना?"

"दुसरं कोण वाहणार?"

"मग?"

"मग काय, जावईबापू? बाण उलटा काढायचा." आणि त्यांनी पान उलटलं.

त्या रात्री मी या भानगडीच्या मुळाशी गेलो. मूळ निघालं अमेरिकेत, फिलाडेल्फियात. १७४७ च्या सुमारास तिथे बेंजामिन फ्रँकलिन काचेच्या नळ्या घासत बसले होते. त्यांचं म्हणणं असं, की वीज हा एकच द्रव आहे. ज्याच्यात तो जास्त भरला तो प्लस, ज्याच्यातला कमी झाला तो मायनस. इथवर ठीक. पण जास्त कुणात आणि कमी कुणात, हे डोळ्यांना दिसत नव्हतं. दोनच पर्याय होते. साहेबांनी घासलेल्या काचेला प्लस म्हटलं. प्रत्यक्षात काच रेशमावर घासली की काचेतले इलेक्ट्रॉन रेशमात जातात. म्हणजे ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच फ्रँकलिननी श्रीमंत ठरवलं. माणूस पेशाने मुद्रक. छपाईतली चूक म्हणावी तर इतकी मोठी चूक कुठल्या मुद्रकाने केली नसेल.

याच गृहस्थांनी १७५० च्या नाताळाच्या सुमारास विजेचा झटका देऊन टर्की पक्षी मारायचा घाट घातला होता. झटका त्यांनाच बसला. दिशेच्या बाबतीत त्यांचा हात पहिल्यापासूनच असा.

इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली, केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांना. तोवर दीडशे वर्षांची पुस्तकं छापून झाली होती, डाव्या हाताचे नि उजव्या हाताचे नियम पाठ करून पोरं पास झाली होती, आणि मुख्य म्हणजे दिशा उलटी धरूनही सगळी गणितं बरोबर येत होती. मग बदलतंय कोण? नव्या पाहुण्याच्याच गळ्यात मायनसची पाटी अडकवली आणि बाण होता तिथेच ठेवला. हे मला पटलं, कारण आमच्या सोसायटीत रंगाऱ्याने 'ए' आणि 'बी' विंगच्या पाट्या अदलाबदल करून लावल्या होत्या. लक्षात येईपर्यंत सगळ्यांच्या आधार कार्डावर पाटीवरचा पत्ता चढला होता. नकाशात आम्ही 'ए'मध्ये राहतो, आणि कुरियरवाला 'बी'मध्ये येऊन बेल वाजवतो. सर्वांचं छान चाललंय.

खरं तर मराठी माणसाची इथे चूक व्हायलाच नको. आपण प्लसला म्हणतो धन आणि मायनसला म्हणतो ऋण. धनाकडून ऋणाकडे ही वाट गृहकर्जवाल्याला कुणी शिकवावी लागत नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला ती माझ्या पगाराला तोंडपाठ असते. ऋणाकडून धनाकडेही काही वाहतं, ही बातमी मी इलेक्ट्रॉनकडूनच पहिल्यांदा ऐकली. रविवारी रात्री हे सुचलं असतं तर पोरीचा गुण वाचला असता.

पुढचा धक्का वेगाचा. बटण दाबलं की दिवा लागतो, म्हणून इलेक्ट्रॉन वायरीतून सुसाट धावत असतील असा माझा समज होता. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा जात असेल, तर इलेक्ट्रॉन एक मीटर सरकायला सुमारे पावणेचार तास घेतात. गोगलगाय ओव्हरटेक करेल. दिवा लगेच लागतो कारण तार आधीच गच्च भरलेली असते, दादरच्या लोकलसारखी. मागून रेटा आला की दारातला माणूस फलाटावर पडतो. रेटा देणारा मात्र कल्याणपासून होता तिथेच उभा असतो.

"आणि हे सगळं सेलचं," अप्पा सकाळी चहा बशीत ओतत म्हणाले. "तुमच्या घरातल्या वायरीत प्लस-मायनस नसतंच. तिथे फेज आणि न्यूट्रल. एसी सप्लाय, ५० हर्ट्झ. करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो."

"म्हणजे इलेक्ट्रॉन कुठेच जात नाहीत?"

"जागच्या जागी डुलतात."

"मग आपण बिल कशाचं भरतो?"

"डुलवायला मेहनत लागते," अप्पा म्हणाले. आयुष्यभराच्या नोकरीचा त्यांनी दोन शब्दांत हिशेब दिला होता, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं.

इथे थांबलो असतो तर नुसता एक गुण गेला असता. पण शनिवारी इन्व्हर्टरची नवी बॅटरी आली. आणणारा पोरगा घाईत होता. "माणूस संध्याकाळी येऊन जोडून देईल," म्हणून तो गेला. संध्याकाळपर्यंत थांबायला मी काय आठवड्यापूर्वीचा अडाणी राहिलो होतो? कन्येला बोलावलं, हातात पाना घेतला आणि प्रात्यक्षिकासह व्याख्यान सुरू केलं. फ्रँकलिन झाले, थॉमसन झाले. "लक्षात ठेव, बाहेरच्या तारेत धारा प्लसकडून मायनसकडे, पण बॅटरीच्या पोटात मायनसकडून प्लसकडे, तरच फेरी पुरी होते..."

जुन्या बॅटरीवर लाल वायर डावीकडे होती. मी ती डावीकडेच लावली. नव्या बॅटरीच्या कंपनीने प्लस उजवीकडे ठेवला होता, आणि तो टोपीएवढ्या ठसठशीत चिन्हाने बॅटरीवर कोरलाही होता. काळी वायर टेकवली मात्र, चर्रकन ठिणगी उडाली, इन्व्हर्टरच्या पोटातून 'टप्' असा आवाज आला आणि जळक्या बेकलाइटचा वास घरभर पसरला. व्याख्यान तिथेच संपलं.

"अहो!" आतून आवाज आला. त्या एका अक्षरद्वयात सौभाग्यवतींनी तिन्ही पिढ्यांच्या पुरुषांचा समाचार घेतला.

संध्याकाळी मेकॅनिक आला. झाकण उघडून म्हणाला, "मॉसफेट गेले साहेब. उलटी जोडली कुणी?" खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दिशेबद्दल पहिल्यांदाच घरात मतभेद नव्हते. दुरुस्तीचे दोन हजार दोनशे रुपये मी फोनवरून पाठवले. धनाकडून.

अप्पा हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. सासूबाईंना फोन मात्र त्यांनी गॅलरीत जाऊन केला आणि तो पंचवीस मिनिटं चालला.

मेकॅनिक इन्व्हर्टर घेऊन गेला आणि त्याच रात्री लाइट गेली. टॉर्च सापडला, पण सेल संपलेले. ड्रॉवरमधून नवे काढले आणि अंधारात सगळे माझ्याकडे वळले आहेत असं मला जाणवलं. मी काही न बोलता टॉर्च कन्येच्या हातात दिला. तिने बोटांनी चाचपून दोन्ही सेलच्या टोप्या बल्बच्या बाजूला केल्या, सपाट बूड स्प्रिंगकडे ठेवलं, झाकण फिरवलं. उजेड पडला.

"आता यात करंट कुणीकडून कुणीकडे गेला गं?" मी हळूच विचारलं.

"परीक्षेत की खरा?" ती म्हणाली.