ट्रॉली ओढायची परीक्षा तुमची कोणी घेतली?

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले. आठ-दहा दिवसांत मोळी टाकतील आणि पाथरी–माजलगाव रस्त्यावर पुन्हा तेच सुरू होईल. रात्रीच्या अंधारात डबल ट्रॉली, ऊस दोन्ही बाजूंनी हात-हात बाहेर आलेला, मागं एक दिवा नाही. समोरून येणाऱ्याला ट्रॅक्टरचे हेडलाइट तरी दिसतात. मागून येणाऱ्याला ट्रॉलीत घुसेपर्यंत काहीच दिसत नाही.

मी हे बाहेरून बघून लिहीत नाही. सहा हंगाम मी स्वतः ऊस ओढलाय. ट्रॅक्टर माझा, ट्रॉल्या माझ्या, कारखान्याशी करार माझ्या नावावर. म्हणून वाहतूकदार भावांनो, जे लिहितोय ते आधी माझ्यावर आणि मग तुमच्यावर आहे.

चौथ्या हंगामातली गोष्ट. रात्रीची दुसरी खेप. दोन्ही ट्रॉल्या जोडणारी मूळ पिन वाकली होती, म्हणून मी जाड सळईचा तुकडा घातलेला आणि खाली क्लिपऐवजी बांधायच्या तारेचे चार वेढे दिलेले. फडात त्या वेळी ते पुरेसं वाटलं. गोदावरीचा पूल ओलांडून चढाला लागलो आणि ट्रॅक्टर एकाएकी हलका झाला. ट्रॅक्टर हलका झाला की चालवणाऱ्याला पाठीतच कळतं. वळून बघतो तर मागची ट्रॉली सुटून उलटी उताराला लागली होती. तिच्यामागं एका मोटारसायकलवर नवरा-बायको आणि पुढं टाकीवर बसवलेलं लेकरू. त्या माणसानं गाडी सरळ खाली बाभळीत घातली म्हणून तिघं वाचले. ट्रॉली रस्त्याच्या कडेला चारीत जाऊन बसली. मी धावत गेलो तेव्हा ती बाई लेकराच्या अंगावरून हात फिरवत काटे शोधत होती. मला एक शब्द बोलली नाही. तो न बोललेला शब्द अजून माझ्या कानात आहे.

त्या रात्री माझ्या खिशात लायसन होतं. रीतसर, परीक्षा देऊन काढलेलं. खरी अडचण तिथंच आहे.

आपला कायदा ट्रॅक्टरला हलकं वाहन मानतो, कारण मोजमाप धरलंय रिकाम्या ट्रॅक्टरच्या वजनाचं आणि मर्यादा आहे साडेसात टनांची. पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनांचा. म्हणजे तो हलका झाला. पण त्याच्या मागं जे जोडतो ते? दोन ट्रॉल्यांत मिळून अठरा-वीस टन ऊस आम्ही सगळेच भरतो. दोन टनांचं जनावर वीस टन ओढतंय, आणि चालवणाऱ्याची परीक्षा झालीय मैदानात, रिकाम्या ट्रॅक्टरवर नाहीतर कारवर. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्येच सांगितलंय की ट्रॅक्टरचं लायसन असलेला माणूस मागं ट्रॉली जोडली म्हणून अपात्र ठरत नाही. पुढं ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला की हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं. गरिबाच्या पोटाच्या दृष्टीनं दोन्ही निकाल मला पटतात. लायसन चालत नाही म्हणून विम्याचा दावा नाकारला की घर बसतं, हे मी बघितलंय. पण न्यायालयानं लायसन चालतं की नाही हे ठरवलं. चालवणाऱ्याला ओढता येतं की नाही हे कोणी बघायचं? ते कुठंच बघितलं जात नाही.

बाहेर काय करतात बघा. युरोपीय संघात साध्या कारच्या लायसनवर साडेसातशे किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. त्याहून जड ट्रेलर आणि गाडी मिळून वजन साडेतीन टनांच्या वर गेलं की वेगळं प्रशिक्षण किंवा वेगळी परीक्षा. अमेरिकेत तर पिकअप हे शेतकऱ्याचं रोजचंच वाहन. तिथं धंद्यासाठी ओढताना गाडी-ट्रेलरचं मिळून ठरलेलं वजन २६,००१ पौंड, म्हणजे साधारण ११,८०० किलो किंवा जास्त असेल आणि त्यातला ट्रेलर १०,००० पौंडांच्या वरचा असेल, तर जड वाहनाचं व्यावसायिक लायसन लागतं. दोन्हीकडं हिशोब जोडणीच्या एकूण वजनाचा आहे, पुढच्या गाडीच्या एकटीच्या नाही. मला नेमकं तेवढंच हवंय.

आपल्याकडं ओढायचं शास्त्र नव्हतं असंही नाही. आमचे अण्णा बैलगाडी भरताना मोळ्या मागं-पुढं सरकवून बघायचे. मागं जास्त झालं की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचलायचं आणि बैलांच्या गळ्याला जुपण्या आवळायच्या. पुढं जास्त झालं की मान दबायची. जू हातानं उचलून ते वजन तोलायचे आणि मगच बैल जुंपायचे. दोन चाकी ट्रॉलीचंही अगदी तेच आहे. मागं जास्त भरली की दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि ब्रेक लागेनासा होतो, कारण आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांनाच असतो. पुढं जास्त भरली की चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि स्टेअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. अण्णांना जे ठाऊक होतं ते आज वीस टन ओढणाऱ्या पोराला कोणी सांगितलेलं नसतं.

ब्रेकच्या दोन पायड्यांचं घ्या. शेतात वळताना एकच चाक धरावं लागतं म्हणून त्या वेगळ्या असतात. रस्त्यावर आल्यावर मधली पट्टी अडकवून दोन्ही एक करायच्या असतात. घाईत पाय एकाच पायडीवर पडला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि मागची वीस टनांची ढकल त्याला आडवा करते. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बहुतेक वेळा नसतोच. शिवाय वेग दुप्पट झाला तर तेवढ्याच अंतरात थांबवायची ताकद दुप्पट नाही, चौपट लागते. उताराला डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या प्रत्येकाला मला हे हात जोडून सांगायचंय: त्या क्षणी ट्रॅक्टर तुम्ही चालवत नसता, ट्रॉली चालवत असते.

पिकअपवाल्यांचंही वेगळं नाही. स्लॅबच्या कामाला निघालेली पिकअप रोज बघतो. हौद्यात पंधरा माणसं आणि मागं काँक्रीटचं मिक्सर. हुक गावातल्या वेल्डिंगवाल्यानं चेसिसला लावलेला. मिक्सर रस्त्यावर उड्या मारत येतं, त्याला दिवा नाही, हुक सुटला तर धरून ठेवणारी साखळी नाही. हुक तुटला तर ते कोणाच्या अंगावर जाणार, याचा विचार ना ठेकेदार करतो ना पोलीस.

नियमच नाहीत असं कोणी म्हणू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॉली हे स्वतंत्र मोटार वाहन आहे, तिची वेगळी नोंदणी लागते. ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीच्या मागंही लिहावा लागतो. पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल चमकणारी पट्टी हवी. जास्त भार भरला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. अठरा वर्षांच्या आतलं पोरगं चालवताना सापडलं आणि गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. हे सगळं कागदावर आहे. आमच्या भागात नंबर नसलेल्या ट्रॉल्या मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल.

आणि इथं मला कारखान्यांशी बोलायचंय. प्रत्येक ट्रॉली तुमच्या वजनकाट्यावर येते. दर खेपेचं वजन तुमच्या पावतीवर छापलेलं असतं. ट्रॉलीला किती भरायची परवानगी आहे ते तिच्या आरसी बुकात असतं. हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवायला एक कारकून पुरे, पण ते कोणी ठेवत नाही, कारण ऊस आत आला की सगळ्यांचं काम झालं. हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना टेप चिकटवायचा आणि फोटो काढायचा कार्यक्रम होतो. चांगली गोष्ट आहे. पण महिनाभरात पाचट घासून आणि चिखल बसून ती पट्टी दिसेनाशी होते. काट्यावर ट्रॉली उभी असतेच. मागचा दिवा, पट्टी, पिन, क्लिप, साखळी बघायला दोन मिनिटं लागतात. नसेल तर ऊस उतरवून घ्या, पण पुढच्या खेपेची चिठ्ठी देऊ नका. आठवड्यात सगळ्या ट्रॉल्या सुधारतील. आम्ही वाहतूकदार दंडाला घाबरत नाही, चिठ्ठी बंद व्हायला घाबरतो.

आमची बाजूही ऐका. पैसे टनावर मिळतात. कारखान्याबाहेर नंबराच्या रांगेत रात्र-रात्र काढावी लागते, ड्रायव्हर स्टेअरिंगवर डोकं ठेवून झोपतो आणि ट्रॉली खाली झाली की तसाच परत फडाकडं निघतो. ऊसतोड टोळीला आगाऊ उचल दिलेली असते, ती फेडून घ्यायची असते. म्हणून दोन खेपांचा ऊस दीड खेपेत बसवायचा मोह होतो. नंबर लावायची पद्धत सुधारली तर निम्मे अपघात तिथंच कमी होतील, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सगळ्यात वाईट असते ती रस्त्यात उभी राहिलेली ट्रॉली. टायर फुटला, जॅक आणायला ट्रॅक्टर सोडवून नेला, मागं चार दगड आणि बाभळीची एक फांदी. ताशी ऐंशीनं येणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर कापते. समोरून येणाऱ्याच्या प्रकाशात डोळे दिपलेले असले तर फांदी दिसेपर्यंत दोन सेकंदही उरत नाहीत. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वस्तीवरचं पोरगं असंच गेलं. पोलीस भरतीची तयारी करत होतं. त्याच्या आईला आजही रात्री ट्रॅक्टरचा आवाज आला की ती उठून अंगणात येते.

येत्या रविवारी मी माझ्या दोन्ही ट्रॉल्यांना नवी साखळी लावतोय. वेल्डिंग मशीन वस्तीवर आहे. आसपासच्या ज्यांच्या ट्रॉलीला साखळी नाही, त्यांनी सकाळी आठपासून या. साखळी आणि लाल टेपचा रोल तुम्ही आणायचा, वेल्डिंगचे पैसे घेणार नाही. येताना तुमची पिनही घेऊन या. कोणाच्या ट्रॉलीत सळईचा तुकडा असेल तर तो मी ठेवून घेणार.