उन्हाने गेलेला माणूस सरकारी यादीत का नाही?

थंडीची लाट ही आपत्ती आहे, उष्णतेची लाट नाही. नागपुरात राहून हे वाचलं की संताप येतो.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून कशासाठी मदत द्यायची, हे केंद्र सरकार ठरवतं. 2021 ते 2026 या काळासाठीच्या यादीत चक्रीवादळ, भूकंप, पूर, गारपीट, ढगफुटी, किडींचा हल्ला, थंडीची लाट सगळं आहे. उष्णतेची लाट मात्र नाही. यादीतल्या आपत्तीत माणूस दगावला तर घरच्यांना 4 लाख रुपये मिळतात. उष्णतेसाठी राज्यांना मुभा एवढीच, की हवं तर स्वतः ती स्थानिक आपत्ती जाहीर करा आणि निधीच्या 10 टक्क्यांच्या आत भागवा. तामिळनाडूने 2024 मध्ये तसं केलं. पण ऊन काय राज्याची हद्द पाहून तापतं?

23 मे 2013 ला आपल्याकडे पारा 47.9 अंशांवर गेला होता. नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) आला की चौकातले काही सिग्नल दुपारी बंद ठेवतात, बागा दुपारच्याही उघड्या ठेवतात. महापालिकेचा उष्णता कृती आराखडा आहे आणि ही कामं चांगलीच आहेत. पण दुपारी एकदा कळमन्याच्या बाजारात जाऊन उभे राहा. डोक्याला ओला दुपट्टा, पाठीवर मिरचीचं पोतं, घामावर मिरचीची धूळ बसून मान लालभडक झालेली. हमाली पोत्यामागे मिळते. सावलीत बसला की तेवढी मजुरी बुडाली. ‘दुपारी 12 ते 4 घराबाहेर पडू नका’ हा सल्ला त्या माणसासाठी नाहीच. तो संध्याकाळी घरी जाऊन कोसळला तर कागदावर बहुतेक वेळा हृदयविकार लागतो, आणि उन्हाचा बळी मोजलाच जात नाही.

केंद्राने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. 2008 मध्ये हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी 2070 पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेण्याचं, वचन दिलं. वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा-वायूपलीकडची करायचं 2030 चं उद्दिष्ट 2025 मध्येच गाठलं, याचा मला खरंच आनंद आहे. आपलं दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, तेव्हा श्रीमंत देशांनी आपल्याला शहाणपण शिकवू नये हेही पटतं. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वीज वेगळी. सूर्य मावळल्यावर आपले कूलर कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या कोळशावरच चालतात. देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज आजही कोळशाचीच आहे. उद्या सगळी धुराडी थंडावली तरी हवेत साचलेला कार्बन लगेच जाणार नाही, म्हणजे हे ऊन पुढची कित्येक वर्षं राहणार. मग उत्सर्जनाचं धोरण दिल्लीने करायचं आणि उन्हाचा भार महापालिकेने आणि हमालाने उचलायचा, ही कुठली वाटणी?

उष्णतेची लाट केंद्राच्या यादीत कायमची घ्या. पोत्यावर, विटांवर, फेऱ्यांवर मजुरी मिळवणाऱ्यांना रेड अलर्टच्या दिवशी बुडालेल्या मजुरीची भरपाई त्याच निधीतून द्या. उन्हाळ्यातल्या संशयास्पद मृत्यूंची उष्माघातासाठी तपासणी सक्तीची करा. विदर्भातल्या प्रत्येक खासदाराला, पक्ष कुठलाही असो, मी हेच लिहून पाठवतोय. तुम्हीही पाठवा, आणि काय उत्तर आलं ते इथे टाका.