प्रवाशाच्या पिशवीतले चीज आणि लाळ्या खुरकूत: एका दाव्याचा प्रतिवाद

जर्मनीत जानेवारी 2025 मध्ये आणि हंगेरी व स्लोव्हाकियात मार्चमध्ये लाळ्या खुरकूत हा खुरांच्या जनावरांचा विषाणूजन्य, संसर्गजन्य रोग आढळल्यानंतर, 12 एप्रिल 2025 पासून ग्रेट ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून येणाऱ्या प्रवाशांना गाय, मेंढी, शेळी व डुक्कर यांचे मांस आणि दुग्धजन्य पदार्थ स्वतःच्या वापरासाठीही आणण्यास बंदी झाली. त्यावर एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो. हा रोग माणसाला होत नाही, वेष्टनबंद पदार्थातून तो पसरत नाही, तेच फ्रेंच चीज ब्रिटिश दुकानांत राजरोस मिळते आणि रोगावर लसही आहे. तेव्हा ही बंदी म्हणजे देशी उत्पादकांना दिलेले छुपे संरक्षण आहे, असे त्यात म्हटले आहे. यातली काही विधाने खरी असली तरी निष्कर्ष चुकीचा आहे.

रोग माणसाला सहसा होत नाही, हे खरेच. पण बंदीचा हेतू खाणाऱ्याला वाचवण्याचा नाही. खाऊन उरलेला तुकडा जनावराच्या तोंडी पडू नये, हा आहे. ब्रिटनमधील 2001 ची साथ नॉर्थम्बरलँडमधील एका वराहपालन केंद्रातून सुरू झाली, असा अधिकृत तपासाचा निष्कर्ष होता. तेथे डुकरांना न उकळलेले खरकटे घातले जात होते आणि विषाणू बहुधा बेकायदा आयात झालेल्या मांसातून त्यात आला होता. पुढे 2,026 ठिकाणी रोगाची नोंद झाली आणि 60 लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, ज्यांतली असंख्य निरोगी होती. ‘एवढ्याशा मांसाने काय होणार’ या प्रश्नाचेही उत्तर यातच आहे, कारण दूषित अन्न खाऊन आजारी पडलेले डुक्कर श्वासावाटे इतर जनावरांपेक्षा कितीतरी अधिक विषाणू हवेत सोडते.

वेष्टनाने पदार्थ टिकतो, विषाणू मरत नाही. कत्तलीनंतर स्नायूंचा सामू (आम्लता दाखवणारे pH मूल्य; ते जितके कमी तितकी आम्लता अधिक) 6 च्या खाली गेला की तिथला विषाणू निष्क्रिय होतो, परंतु लसीका ग्रंथी व अस्थिमज्जा यांत तशी आम्लता येत नाही आणि थंडीत तो तिथे दीर्घकाळ तग धरतो. म्हणूनच जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमांनुसार बाधित भागातील गोमांसाच्या व्यापारासाठी हाडे व प्रमुख ग्रंथी काढणे आणि मांस 2 अंशांहून अधिक तापमानात किमान 24 तास मुरवणे आवश्यक असते. दुधालाही ठरावीक उष्णता द्यावी लागते.

दुकानातल्या चीजचा मुद्दा या दाव्यात सर्वांत प्रभावी वाटतो आणि म्हणून तो नीट तपासला पाहिजे. दुकानातला माल पशुवैद्यकीय प्रमाणपत्रासह येतो. तो कोणत्या भागातला आहे आणि त्यावर कोणती प्रक्रिया झाली, याची जबाबदारी निर्यातदार देशाचा अधिकारी सहीनिशी घेतो. पिशवीतल्या चीजला असा कोणताही कागद नसतो. ते पाश्चरीकृत दुधाचे आहे की कच्च्या दुधाचे, हे बंदरावरच्या अधिकाऱ्याला पाहून सांगता येत नाही आणि युरोपीय संघात अन्नपदार्थ एका देशातून दुसऱ्यात सहज जात असल्याने खरेदीच्या पावतीवरून मूळ प्रदेशही कळत नाही. रोग न आढळलेल्या देशांतील प्रवाशांनाही बंदी लागू झाली ती यामुळेच, आणि या आक्षेपाला मला याहून चांगले उत्तर सापडत नाही. चॉकलेट, बिस्किटे व पाव यांना सूट होती, कारण त्यांतला धोका फारच कमी आहे.

लस आहे, परंतु विषाणूचे सात मुख्य प्रकार असून एका प्रकाराची लस दुसऱ्यापासून संरक्षण देत नाही. शिवाय लस घेतलेले जनावर आजारी न दिसताही विषाणू बाळगू शकते.

राहिला संरक्षणवादाचा आरोप. रोगाच्या नावाखाली व्यापार अडवला जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग युरोपीय संघाच्या मोजक्या भागांत असताना रशियाने 2014 मध्ये संपूर्ण संघातून डुकरे व त्यांचे मांस घेणे थांबवले, तेव्हा जागतिक व्यापार संघटनेत निकाल रशियाच्या विरोधात गेला. मात्र तिथे अडवला होता तो प्रमाणपत्रासह येणारा व्यापारी माल. ब्रिटनने असा माल बाधित देश आणि लगतचा ऑस्ट्रिया यांच्यापुरता रोखला आणि फ्रान्स, इटलीसारख्या देशांतून तो येऊ दिला. देशी उत्पादकांची खरी स्पर्धा त्या मालाशी आहे, आणि तीच खुली ठेवून प्रवाशांच्या पिशव्या बंद करण्यात त्यांचा कोणताच व्यापारी फायदा नाही. टीकाकारांनी मागणी करायचीच असेल, तर बाधित देशांत रोग आटोक्यात आल्यावर ही बंदी कोणत्या निकषांवर उठवणार, हे सरकारने लेखी जाहीर करावे, अशी करावी. तिला माझाही पाठिंबा आहे.